सुशीलाक्कांचा पहिला नंबर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि वडील होते तेव्हा त्यांना तर मुळीच नाही. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर सांगितलं असतं का? नसतं. तेवढं तरी खरं बोलून सुरुवात करू.

ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, एवढंच? एका जुन्या गाणाऱ्या नटीच्या चित्रपटांची क्रमवारी लावायची होती, आणि त्यात एका चिठ्ठीवर मी — थांबा. आधी मी कोण, ते सांगतो. नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील बंगळूरच्या पीण्या भागात एका कारखान्यात लेथवर होते, तीस वर्षं. आई सही करते, तीही कन्नडमध्ये. मी बी.कॉम. झालो तेव्हा वडिलांनी पदवीला काच लावून ती दारासमोर टांगली, आत येणाऱ्याला चपला काढायच्या आधी दिसावी अशी. मला त्याची लाज नव्हती, आजही नाही. गल्लीतले सगळे फॉर्म मी भरायचो. बँकेचे, रेशनचे, शाळेचे. लोक समोर बसून बोलायचे, मी लिहायचो, आणि ते खाली अंगठा नाहीतर सही करायचे. न वाचता. लिहिणाऱ्यावर माणसं किती डोळे मिटून विश्वास टाकतात, हे मला विसाव्या वर्षीच कळलं होतं. हे कळणं चांगलं असतं का? मला शंका आहे.

बसवनगुडीत आमचं एक मराठी मंडळ आहे. छोटंसं. एका कापडदुकानाच्या वर हॉल, चाळीस खुर्च्या, महिन्यातून एक रविवार. निम्मे आमच्यासारखे, पिढ्यान्पिढ्या इथलेच, अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलणारे. निम्मे पुण्याहून-मुंबईहून नोकरीला आलेले. त्यांचं मराठी ऐकलं की मी आपलं तोंड जरा जपून उघडायचो. मी चिटणीस होतो. अध्यक्ष कुलकर्णी सर, पुण्याचे, रिटायर्ड प्रोफेसर. फार सभ्य माणूस. मला त्या सभ्यपणाचाच संशय यायचा. हा माणूस माझी चूक कधी काढतच नाही, म्हणजे मनात नक्की मोजत असणार, असं मला वाटायचं.

आणि बाई. नाव सांगत नाही. आमच्याकडे तिला नुसतं ‘बाई’च म्हणत. पडद्यावर स्वतःच्या गळ्याने गाणारी. वडिलांचा जीव होता तिच्यावर. बाईंच्या जन्माचं शंभरावं वर्ष लागलं तेव्हा मंडळाने ठरवलं, बाईंच्या चित्रपटांना आपण नंबर लावायचे. प्रत्येकाने चिठ्ठीवर आपला क्रम लिहून द्यायचा, पुढच्या रविवारी सगळ्यांच्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या. छापील यादी मी आणली. अकरा चित्रपट.

आता एक अडचण. आमच्या जुन्या लोकांत चित्रपटांना नावं नसतात, खुणा असतात. झोपाळ्याचा. कोर्टाचा. आंधळ्या बापाचा. तिकिटावरचं नाव वाचणारे थोडे, पाहणारे पुष्कळ. म्हणून जे डोळ्यांत राहिलं तेच नाव. तेव्हा ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी खुणेने सांगायचं आणि मी त्याचं छापील नाव चिठ्ठीवर लिहायचं, असं ठरलं. आमच्यात शिकलेला मीच होतो ना.

इथेच सांगून टाकतो, त्या अकरातले मी पुरते पाहिले होते सहा. बाकीच्यांबद्दल नेटवर वाचलं होतं. तरी माझ्या चिठ्ठीवर एक ते अकरा मी ठासून लिहिले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं. त्या आठवड्यात जो कुणी बाईंबद्दल बोलायला यायचा, तो मला पकडायलाच आलाय, असं वाटायचं.

सुशीलाक्का आल्या शुक्रवारी. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, बसवनगुडीत बांगड्यांचं दुकान. मनगट हातात धरलं की माप सांगायच्या, पट्टी नाही की काही नाही. दर शुक्रवारी एकट्या बसने बनशंकरीच्या देवळात जायच्या, लिंबाचे दिवे लावायला. येताना माझ्या घरी थांबल्या. मला त्या ‘तम्मा’ म्हणायच्या, लहान भावाला म्हणतात तसं.

“लिही की रे तम्मा. पहिला — सुपाचा.”

मी यादी बघितली. “सुपाचा कुठला, अक्का?”

“अरे, बाई तांदूळ पाखडत बसते बघ त्यात. पेटी नाही, तबला नाही, काय नाही. नुस्तं सूप. आणि गाते. दहा मिनटं असेल. आईच्या मांडीवर बसून बघितला मी, तंबूच्या टॉकीजात.”

“असा पिक्चर नाही, अक्का. यादीत अकराच आहेत.”

“यादी कुणी केली?”

“छापलेली आहे.”

“छापणारा तंबूत होता काय?” असं म्हणून त्या हसल्या. माझी आईही हसली.

तुम्हाला वाटेल, यात काय लागण्यासारखं? मला लागलं. आणि लागल्याबरोबर दुसरं आठवलं. आदल्या रविवारी हॉलच्या जिन्यात सुशीलाक्का आणि कुलकर्णी सर काहीतरी बोलून हसत होते, मी आलो तसे गप्प झाले होते. झालं. माझ्या डोक्यात सगळी गाठ बसली. सरांनी अक्कांना शिकवून पाठवलंय. नसलेला पिक्चर मी मुकाट्याने लिहून घेतो का, ते बघायचंय. रविवारी चाळीस माणसांसमोर विचारणार, “चिटणीस, हा कुठला हो चित्रपट?” — ते दोघं कशावर हसत होते, हे मला आजही माहीत नाही. विचारायचं धाडस कधी झालं नाही.

मी लिहिलं. अक्का समोर बसल्या होत्या, माझ्या हाताकडे बघत. सुपाच्या जागी मी झोपाळ्याच्या पिक्चरचं छापील नाव लिहिलं. तोच मी माझ्याही चिठ्ठीवर पहिला लिहिला होता.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ती गफलत होती. खुणेचं नाव करताना होतं असं. तुम्हालाही तसंच सांगून वेळ मारून नेता आली असती. पण गफलत नव्हती. लिहिताना मी पुढे म्हणालोसुद्धा, “सुपाचा. लिहिला, अक्का. दुसरा?” त्यांनी पुढचे क्रम सांगितले, ते सगळे मी बरोबर लिहिले. खाली त्यांनी अंगठा दिला.

तरी इथवर काही मोठं नव्हतं, नाही का? चिठ्ठी पेटीत पडली असती, मोजली गेली असती, संपलं असतं. पण चिठ्ठ्या मोठ्याने वाचायचं ठरलं होतं.

रविवारी कुलकर्णी सरांनी वाचलं, “सुशीलाबाई. पहिला क्रमांक —” आणि ते छापील नाव. मग आमच्या लोकांसाठी पुढे म्हणाले, “म्हणजे झोपाळ्याचा.”

अक्का उभ्या राहिल्या. “मी तो नाही सांगितला. सुपाचा सांगितला. हा तम्मा लिहून घेत होता, विचारा की त्याला.”

चाळीस माणसं माझ्याकडे वळली. मी सरांच्या तोंडाकडे बघितलं. तिथे सापळा नव्हता. कसलंच काही नव्हतं. एक म्हातारा माणूस चष्मा वर करून उत्तराची वाट बघत होता, एवढंच. त्या क्षणी मला कळलं की माझा संशय फुकट होता. म्हणजे खरं बोलायला काहीच हरकत नव्हती. ‘अक्का म्हणतात ते बरोबर, यादीत सापडलं नाही म्हणून मी बदललं’ — एवढं एक वाक्य. थोडं हसले असते. दुसऱ्या दिवशी विसरले असते.

मी म्हणालो, “अक्का, झोपाळ्याचाच म्हणालात तुम्ही. मी दोनदा विचारलं.”

हे ‘दोनदा’ कुठून आलं? खोट्याला टेकू लागतो, तो आपोआप मिळतो. आणि कागद तर माझ्या बाजूने होताच.

मागून कुणीतरी म्हणालं, “अक्का, सकाळची गोळी घेतली ना?” हॉल हसला. वाईट मनाने नव्हे, आपल्या माणसाला हसतात तसा. अक्का माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. हिशोब न लागल्यासारख्या. मग हळूच बसल्या. त्यांचा मुलगा नागेश मात्र हसला नाही. तो आईकडे बघत होता — भिंतीला अचानक ओल दिसली की माणूस जसा बघतो, तसा.

चारच दिवसांनी तो मला दर्शिनीत भेटला, आमच्या इथली उभ्याने खायची खानावळ. बाय-टू कॉफी सांगितली, म्हणजे एकीचे दोन कप. मग म्हणाला, “खरं सांग. आई झोपाळ्याचाच म्हणाली होती?”

बघा, पुन्हा संधी. आम्ही चारचौघांत नव्हतो. लहानपणापासूनचा मित्र. मी कपात बघत म्हणालो, “हो रे.”

“मग बरं नव्हे हे,” तो म्हणाला. “घरी पण ती तेच धरून बसलीय. मी सुपाचा सांगितला, मी सुपाचा सांगितला. न घडलेलं इतकं ठामपणे सांगते, याचीच भीती वाटते मला.”

त्याच्या जागी मी असतो तरी मलाही भीती वाटली असती. त्याचं काही चुकलं नाही. त्याने अक्कांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे, पण लक्ष ठेवा. आणि लक्ष ठेवायचं म्हटलं की काय काय दिसायला लागतं, तुम्हाला माहीत असेल. किल्ली कुठे ठेवली ते विसरल्या, दिसलं. शेजारणीला तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारली, दिसलं. आधी हेच होत नव्हतं का? होत असणार. पण तेव्हा कुणी बघत नव्हतं.

पहिल्यांदा गॅसजवळ जायचं बंद झालं. मग शुक्रवारची बस. एकट्या कुठे उतरतील काय सांगावं, म्हणून. मग दुकानाची किल्ली सुनेकडे गेली. अक्का मागे स्टुलावर बसायला लागल्या, नंतर तेही नाही. मंडळात आल्या नाहीत. हे सगळं मला आईकडून कळायचं, एकेक करून. आई म्हणायची, “बिचारी. डोकं कसं होतं बघ, आणि काय झालं.” मी पेपर वाचत असायचो.

तीन वर्षांनी मंडळाच्या ग्रुपवर एक गाणं आलं. कुण्या जुन्या तबकड्या जमवणाऱ्याने कुठेतरी टाकलेलं. बाईंचा आवाज. खाली माहिती होती: चित्रपट दुसऱ्याच नटीचा, बाईंचा त्यात एकच प्रसंग, म्हणून तो त्यांच्या यादीत कुणी धरत नाही. मी बँकेतून परत येत होतो, बसमध्ये उभा. कानाला लावलं. पेटी नाही, तबला नाही. सर्र, सर्र, आणि त्यावर तो आवाज. मी माझ्या स्टॉपच्या पुढे गेलो. किती पुढे, आठवत नाही.

ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले, फुलं टाकली. सुशीलाक्कांचं नाव कुणालाच आठवलं नाही. आठवलं ते फक्त कुलकर्णी सरांना. त्यांनी मला वेगळा मेसेज केला, “त्या आजी म्हणत होत्या तो हा तर नव्हे?”

मी उत्तर दिलं, “कोण आजी, सर?”

त्या रविवारी मी अक्कांकडे गेलो. हे मी फुशारकीने सांगत नाही. गेलो होतो सांगायलाच, गाणं ऐकवायला. जिना चढताना मोबाइलवर उघडून ठेवलं होतं, नुसतं बोट लावायचं बाकी. नागेशने दार उघडलं. अक्का खिडकीशी खुर्चीत होत्या, बारीक झालेल्या. मला ओळखलं, लगेच.

“ये की तम्मा. तुझंच मनात होतं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “तूच बरोबर होतास रे. सुपाचा असा काय पिक्चरच नव्हता. माझंच डोकं. मी उगाच चारचौघांत तुला खोटं पाडायला बघितलं. होय की नाही? नव्हताच ना तो?”

खिशात मोबाइल गरम लागत होता. मी कबूल करायचं म्हटलं तर काय काय कबूल करावं लागलं असतं, ते मला दिसलं. चिठ्ठी, हॉल, दर्शिनी, गॅस, बस, किल्ली, आणि समोर उभा नागेश.

“हो अक्का,” मी म्हणालो. “नव्हता.”

त्यांचा चेहरा सैल झाला. नागेशकडे वळून म्हणाल्या, “बघ. मी म्हणत नव्हते? शिकलेला मुलगा आहे, तो कशाला खोटं लिहील.”

त्यानंतर त्या दीड वर्ष जगल्या. माझ्या घरापासून त्यांचं घर बसने वीस मिनिटांवर होतं.