घुबडाच्या रुमालाखाली

आता हे तुम्हाला सांगावं की नाही, यावर माझं दोन आठवडे स्वतःशीच भांडण चाललंय. पण चहा टाकलाच आहे तुम्ही, तर ऐका. फक्त मधे हसू नका. हसलात तर उरलेलं सांगणार नाही, आणि खरी माती मी उरलेल्यातच खाल्लीय.

तर मी नगरला, सावेडीत राहते. अहिल्यानगर म्हणायला पाहिजे, पण जिभेला नगरच बसलंय, काय करू. पोरांना शिकवायचं ॲप काढणाऱ्या एका कंपनीत मला नोकरी लागली. लागली म्हणजे अर्धीच. प्रोबेशनवर. परमनंट कधी? तर एका खेड्यातल्या शाळेत महिनाभर ॲप चालवायचं, मग मोबाईलशिवाय चाचणी घ्यायची आणि पोरं खरंच किती शिकली ते कळवायचं.

आमचे सर हे सगळं व्हिडिओ कॉलवरून सांगत होते. कॅमेऱ्यात त्यांचं फक्त कपाळ दिसतं. कपाळ म्हणालं, "मागच्या शाळेत सगळ्यांना पैकीच्या पैकी पडले, माहितीये ना?"

"चांगलंय की सर."

"मोबाईल लपवून बसली होती पोरं. सगळ्या ऑफिसात हसं झालं माझं. या वेळी कॉपी झाली, सायली, तर तुझा विषय संपला."

झालं. त्या दिवसापासून मला प्रत्येक पोराच्या खिशात उजेड दिसायला लागला.

माझा सख्खा मामा घोडेगावच्या शाळेत मास्तर आहे, सातवीला. म्हणून तीच शाळा धरली. महिनाभर पोरांनी ॲप वापरलं आणि चाचणीच्या दिवशी मी सकाळी सकाळी हजर. सोबत कंपनीचे तेवीस रुमाल, बावीस पोरांना आणि एक मामाला भेट. पिवळेधमक, मोठे, आणि मधोमध आमचा लोगो, चष्मा घातलेलं घुबड.

मामानं रुमाल उलगडला आणि घडी करून परत माझ्या हातात दिला.

"सायले, घुबड?"

"ज्ञानाचं प्रतीक आहे मामा."

"तुमच्याकडं असंल. हितं कुनाच्या घरावर बसलं तर लोकं दगडं मारत्यात."

पण पोरांनी घेतले हो. घुबड खालच्या बाजूला करून घेतले, पण घेतले.

मग मी मोबाईल गोळा केले. पोरांचे, मामाचे, शिपाईमामांचे, स्वतःचासुद्धा. शाळेच्या खिचडीचा एक मोठा पत्र्याचा डबा होता, त्यात सगळे ठेवले. पत्र्यातून सिग्नल जात नाही असं मी एका व्हिडिओत पाहिलं होतं. हो, तेवढ्यावरच. एका पोराच्या हातात लाल लाइट लागणारं घड्याळ होतं, तेही डब्यात.

"ताई, त्ये यात्रेतलं हाय. टाईम पन दाखवत न्हाई," तो म्हणाला.

"मग कशाला घालतोस?"

"लाइट लागती म्हनून."

काहीतरी लपवतोय, असं मी मनात टिपून ठेवलं.

चाचणी अशी होती की, भिंतीवरच्या टीव्हीवर एकेक प्रश्न येणार. खाली चार पर्याय. एक मिनिट थांबणार, पुढे जाणार. पोरांनी कागदावर खूण करायची. आधी मी पोरांना लांब लांब बसवलं. पण सरांना रिपोर्टसाठी फोटो हवा होता, सगळा वर्ग एका फ्रेममध्ये. मग काय, सतरंजीवर दोन रांगा केल्या, मांडीला मांडी लावून. लक्षात ठेवा, मी केल्या. मीच.

सकाळचा गारठा होता. पोरांनी आपापले रुमाल मांडीवर पसरले, याचा त्याच्यावर, त्याचा तिच्यावर. अख्ख्या रांगेवर पिवळी पट्टी. काय सुंदर दिसत होतं. डब्यातून फोन काढून मी फोटो घेतला, सरांना पाठवला आणि फोन परत डब्यात. फोटोखाली लिहिलं, 'मोबाईलमुक्त चाचणी सुरू!'

वर्गाच्या दारात खुर्ची टाकून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरी टोपी, मांडीवर काठी. मला वाटलं कुणाचे तरी आजोबा, बसू देत.

वीस प्रश्न झाले. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता. कुणी कुणाकडे बघेना, ओठ हलेनात. मला भरून आलं. परमनंट, परमनंट, असं माझं काळीज वाजत होतं.

मग कागद तपासले.

पहिला कागद, वीसपैकी अठरा. दुसरा, अठरा. तिसरा, अठरा. बरं, हुशार असतील. पण 'यातला सस्तन प्राणी कोणता?' या प्रश्नाला चूक कुणी केली? सगळ्यांनी. बाविसाच्या बावीस पोरांनी वटवाघूळ सोडून मोरावर खूण केली होती. मला सांगा, बावीस डोक्यांत एकाच वेळी मोर कसा नाचेल?

"मामा, सिग्नल येतोय कुठून तरी."

"कसला सिग्नल? डबा तर तूच दाबून धरलाय."

"ब्लूटूथ असणार. पत्र्यातून जातं ते."

"मगाशी म्हनलीस जात न्हाई."

"ते वायफाय."

मामानं मान डोलावली. मला विज्ञान कळतं असं त्याला वाटतं, त्याचा मी फार गैरफायदा घेते.

मी बावीस पोरांचे कान तपासले. खोटं नाही सांगत, एकेकाला उजेडात उभं करून. कानात जे सापडायचं ते सापडलं, पण यंत्र नाही. खिसे उलटे केले, कंपासपेट्या हलवून बघितल्या. टीव्हीच्या मागं वाकले तर पाल निघाली. आणि तेवढ्यात मला ते ऐकू आलं. बारीक शिट्टी. 'कुंईईई.' दाराकडून.

म्हाताऱ्यांच्या कानात काहीतरी होतं. काळं. छोटं. वायर नसलेलं.

सापडलं, म्हटलं. मी गेले तरातरा.

"आजोबा, ते कानातलं काढा."

"आं?"

"कानातलं. डब्यात ठेवा."

"कशापायी?"

"नियम सगळ्यांना सारखा आहे."

मामा मागून हातवारे करत होता. मला वाटलं तो मला धीर देतोय. म्हाताऱ्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मामाकडं, आणि शांतपणे कानातलं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. मी ते डब्यात टाकलं. खण्ण् वाजलं.

मामानं मला बाहेर ओढलं. "अगं भवाने, ती ऐकायची मशीन हाय त्यांची! तात्या हायेत त्ये. शाळा समितीचे अध्यक्ष."

"मग?"

"मग तुझ्या कागदावर सही कुनाची पायजे?"

मी कागद काढला. खाली छापलं होतं, 'चाचणी कॉपीविना झाली. अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती. सही.'

मी धावत जाऊन डबा उघडला.

मशीन पुसून दोन्ही हातांनी परत दिली. माफी मागितली. पण मशीन कानात जायच्या आधीच मागितली, त्यामुळे परत मागावी लागली. तात्या रागावले नाहीत, हे जास्त वाईट. नुसतं म्हणाले, "पोरी, कशाचा एवढा संशय?"

मी सगळं सांगितलं. नोकरी, सर, मोर. पुरावा म्हणून फोनवरचा फोटो दाखवला. "बघा ना तात्या. कुणाच्या हातात काही आहे का?"

तात्यांनी फोन लांब धरला, मग जवळ आणला. आणि हसायला लागले. आवाज न करता, नुसते खांदे हलवत.

"ह्ये बाजार भरलाय की गं. आपला शुक्रवारचा."

"म्हणजे?"

"हात बघ ह्यांचे. वर किती हायेत?"

मी मोजले. प्रत्येक पोराचा एक हात कागदावर. दुसरा रुमालाखाली. सगळ्यांचा.

आता तुम्ही कधी घोडेगावचा जनावरांचा बाजार बघितला नसेल तर सांगते. तिथं बैलाचा भाव तोंडानं करत नाहीत. घेणारा आणि दलाल एकमेकांचा हात धरतात, वर उपरणं टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबून बोलतात. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. तात्यांनी सगळी हयात ती दलाली केलेली. आणि पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेली वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी ऋतुजा, ती कोण? तात्यांची नात.

एक बोट म्हणजे पहिला पर्याय. दोन म्हणजे दुसरा. ऋतुजानं शेजारणीचं बोट दाबायचं, शेजारणीनं पुढच्याचं. एका मिनिटात उत्तर रांगेच्या टोकाला, तिथून मागच्या रांगेत. मोरसुद्धा असाच गेला.

आणि वर झाकायला काय? कंपनीचा रुमाल. मी वाटलेला. तोपर्यंत तो फोटो सरांनी कंपनीच्या पेजवर टाकलासुद्धा होता.

मी ऋतुजाला बोलावलं. दोन वेण्या, निरागस चेहरा. असल्या चेहऱ्यावर आता माझा आयुष्यात विश्वास बसणार नाही.

"का केलंस गं असं?"

"आमाला तुमच्या ॲपात रोज गट करूनच सोडवायला सांगत्यात ना ताई? एकीला आलं की ती सगळ्यांना पाठवती." ती खाली बघत म्हणाली, "आज मोबाईल तुमी घेतला. मग कसं पाठवनार?"

 ॲपमधला तो 'गटात सोडवा' भाग मीच लिहिलाय.

तात्यांनी काठी टेकवली. "परत घ्या परीक्षा. लांब लांब बसवा. रुमाल गोळा करा. मी बघतो कोन बोट हलवतं. आन् पोरी, तू पन बस."

"मी?"

"माझी मशीन काढलीस ना? मग तुझं डोस्कं बघू दे आमाला."

सहीसाठी मी आगीतून चालले असते. बसले. बावीस पोरं व्हरांड्यापर्यंत पांगवली. टीव्ही दिसेल अशी शेवटची जागा उरली ती ऋतुजाशेजारी. तात्या दारात, त्यांची नजर पोरांवर. सगळे रुमाल गोळा झाले, फक्त मामानं परत केलेला तो एक माझ्या मांडीवर राहिला. वर घुबड.

प्रश्न नवीन होते, आमच्याच ॲपमधले; जुना फक्त तो वटवाघळाचा. पहिला सोपा. दुसरा सोपा. तिसरा, 'प्रवरा नदी कुठं उगम पावते?' रतनगड, हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, त्र्यंबकेश्वर.

आपल्या जिल्ह्यातली नदी. नेवाशाला जाताना शंभर वेळा पुलावरून गेलेय. आणि माझा हात कुठं गेला सांगू? खिशाकडं. फोन शोधायला. फोन डब्यात. डोक्यात आत कुठंतरी ते गोल गोल फिरणारं चक्र दिसायला लागलं आणि फिरतच राहिलं. मला कळलं की गेल्या दहा वर्षांत मी काही लक्षातच ठेवलेलं नाही, फक्त कुठं शोधायचं ते ठेवलंय.

घड्याळाचे वीस सेकंद उरले.

आणि माझ्या रुमालाखाली एक छोटा गार हात आला.

मी तिच्याकडं बघितलं. ती टीव्हीकडं बघत होती. वेण्याही हलल्या नाहीत. दोन बोटं. दाबली. सोडली.

तुम्ही काय केलं असतं? नाही, खरं सांगा. मी हरिश्चंद्रगडावर खूण केली. आणि एकदा केली की मग काय, पुढच्या सहा प्रश्नांना माझा हात आपला रुमालाखाली तयारच.

मामानं कागद तपासले. कुणाला अकरा, कुणाला चौदा, लाइटच्या घड्याळवाल्याला सोळा. सगळ्यांची उत्तरं वेगळी, सगळ्यांच्या चुका वेगळ्या. ऋतुजाला एकोणीस. या वेळी वटवाघूळ बरोबर होतं.

मग मामानं घसा साफ केला. "सायली. तेरा."

"शक्य नाही."

"सात चुका."

सात. रुमालाखालच्या सातही. प्रवरा रतनगडावरून निघते, तुम्हाला माहीत असेलच.

मी ऋतुजाकडं वळले. ती म्हणाली, "ताई, एकदा दाबलं की खोटं असतंय. खरं असलं की आमी दोनदा दाबतो. तुमी इचारलंच न्हाई."

तात्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, खिशातून पेन काढलं आणि 'कॉपीविना झाली' यावर काट मारली. मला वाटलं, संपलं. सावेडीला जाऊन आईला काय सांगायचं ते मी मनात जुळवायला लागले. त्यांनी खाली सावकाश लिहिलं, 'दुसऱ्या परीक्षेत कॉपी आढळली. संख्या एक. नाव सायली.' आणि ऐटबाज सही ठोकली.

"खरं तेच लिवलंय," तात्या म्हणाले. "पाठवायचं का न्हाई, तू ठरव."

एस. टी. स्टँडवर मी अर्धा तास तो कागद घेऊन बसले. फाडावा असं तीनदा वाटलं. मग फोटो काढला, मामानं केलेल्या तेवीस जणांच्या गुणांच्या यादीसकट, पहिल्या परीक्षेची हकिकत आणि रुमालाचं सगळं लिहून सरांना पाठवला. स्वतःबद्दल तेवढं लिहायचं धाडस झालं नाही. म्हटलं, कागदावर नाव आहेच.

दुसऱ्या दिवशी कॉल. कपाळ खूश होतं.

"रिपोर्ट उत्तम आहे सायली. पहिल्यांदा कुणीतरी खरे गुण पाठवले. तुझं परमनंटचं पत्र निघतंय. रुमाल मात्र बंद."

"हो सर. थँक्यू सर."

"आणि ती एक कॉपी करणारी मुलगी आहे ना, तुझ्याच नावाची. बावीस पोरं सुधारली, ही एकटीच नाही सुधारली. जरा लक्ष ठेव तिच्यावर."

"ठेवते सर," मी म्हटलं.