हौश्याचं आखूड शिंग

परवा पोळ्याला आमच्या गावात माझ्या बैलावरून भांडण झालं... आणि ते मीच केलं.

माझे मालक वारल्यापासूनचा हा पहिला पोळा. डोणगावच्या बाजारातून चकचकीत बेगड आणली, बैल धुतले, शिंगं लाल रंगवली. हौश्याच्या उजव्या शिंगावर बुडापासून टोकापर्यंत बेगडाच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या... आणि बेगड संपली. डावं शिंग नुसतं लाल राहिलं. म्हटलं, राहू दे.

जोडी वेशीवरच्या तोरणाजवळ आणली तर धाकटे दीर आडवे आले. "वैनी, याचं डावं शिंग आखूड हाये. ऐबी बैल तोरनाखालून नेत नसतात."

हौश्या एकदा ऐबी ठरला की जोडी मोडणार, आणि जोडी मोडली की वावर बटईने, म्हणजे निम्म्या वाट्यानं कसायला, दिरांकडे जाणार. आखाजीच्या सणापासून ते त्या वावराच्याच मागे लागले होते.

पाटलांनी पाहिलं, मान हलवली. आणखी चार जणांनी पाहिलं... सगळ्यांना आखूडच दिसलं. खरं सांगते, मलाही दिसत होतं! पण कालपर्यंत सारखी असलेली शिंगं एका रात्रीत लहानमोठी कशी होतील?

"सुतळी आना बरं कोनी," मी म्हटलं.

बेगड-गोंडे विकणारे करीमचाचा पुढे झाले. पट्ट्यांच्या शिंगाला सुतळी लावली, टोकाशी गाठ मारली, मग तीच डाव्या शिंगाला लावली. गाठ बरोबर टोकावर! पुन्हा लावली, तीच गत.

"मले अजून बी आखूडच दिसून राह्यलं," चाचा डोळे चोळत म्हणाले, "पन सुतळी काऊन खोटं बोलते?"

तेव्हा कुठे ध्यानात आलं... पट्ट्यांनी भरलेलं शिंग नजरेला लांब वाटत होतं आणि कोरं आखूड.

पाटील म्हणाले, "मंग त्या पट्ट्या काढून टाक, माय. दिसाले तरी सारखं दिसू दे."

काढल्या असत्या तर गाव तिथंच गप्प झालं असतं. पण माझं डोकं फिरलं. खोट यांच्या नजरेत, आणि सोलायचं माझ्या बैलाला?

"नाही काढत! नागपूरहून लाटसाहेब आला तरी नाही काढत."

आमच्याकडे बाईमाणूस कासरा धरून तोरणाखालून जात नाही. मी गेले. दीर बघत राहिले, पाटील बाजूला झाले, आणि मागून कोणीतरी आरोळी ठोकली, "हर बोला... हर हर महादेव!"

संध्याकाळी रीतीप्रमाणे दिरांच्या दारीही बैल नेले. जावेनं हौश्याचे पाय धुतले, त्याला पुरणपोळी भरवली आणि हळूच म्हणाली, "बरं केलं, बाई." तिचा तो शब्द मी जन्मभर विसरणार नाही.

वावर मीच वाहणार. रब्बीच्या पेरणीत तिफणीला हौश्याच असेल आणि तिफण माझ्या हातात... ज्याला शिंग आखूड दिसतं त्यानं खुशाल बांधावर बसून बघावं.