आवाज माझा, साडी माझी आणि चेहरा तन्वीचा

मागच्या महिन्यात एका मंगळवारी मी एका मुलीचं काम बिघडावं म्हणून मन लावून मेहनत घेतली. लिहायला लाज वाटतेय... पण लिहिते.

माझ्या पहिल्या गाण्याचा व्हिडिओ करायचा होता. शब्द माझे, चाल माझी, आवाजही माझा. दिवसभर चष्म्याच्या दुकानात बिलं करायची आणि घरी येऊन कणीक मळता मळता गुणगुणायचं, असं करत वर्षभरात जमलेलं गाणं.

डायरेक्टर म्हणजे माझा मावसभाऊ विनायक. एरवी लग्नाची शूटिंग करतो. मी आपली आरशासमोर पंधरा दिवस प्रॅक्टिस करत होते आणि हा येऊन म्हणतो, "तायडे, तुझा आवाज लई भारी आहे. पण थंबनेलला चेहरा लागतो की."

चेहरा म्हणजे तन्वी. रील्स करते, फुकट यायला तयार होती आणि दिसायला... जाऊ दे. दिसायला छान आहे.

बजेट म्हणाल तर सगळी ओळखीपाळखी. थर्माकोलवर पोळ्या गुंडाळायची फॉइल चिकटवून रिफ्लेक्टर केला. कॅमेरा सरकवायला टॉवेलचे गठ्ठे न्यायची ढकलगाडी घेतली. लोकेशन शहराच्या पूर्व भागातला, टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांचा कारखाना, विन्याच्या मित्राच्या वडिलांचा. त्यांची अट एकच, माग बंद होणार नाहीत. आणि तन्वीला नेसायला साडी हवी, तर माझी इरकल.

ती साडी माझ्या अंगावर कधी तशी दिसली नाही. काठ तोच, पदर तोच... आणि मी निऱ्या नीट करून देत तिच्या पायाशी बसलेले. बरं, ती आगाऊ असती तर निदान रागावता तरी आलं असतं. पण ती सारखी म्हणत होती, "ताई, तुम्ही किती करताय माझ्यासाठी." मालकांनी तिला थंडगार सोडा मागवला. मला विचारलं, "तुम्ही मेकअपवाल्या का?"

आत मागांचा खडखडाट असा, की स्पीकर फुल करूनही गाण्याचा एक शब्द ऐकू येईना. तन्वीच्या कानात इअरबड घालून बघितला, तर तो फ्रेममध्ये दिसायला लागला. शेवटी विन्याने डोकं चालवलं. इअरबड मी घालायचे, कॅमेऱ्याच्या शेजारी उभं राहून गाणं म्हणायचं आणि तन्वीने माझ्या ओठांकडे बघून तसंच करायचं.

रिहर्सल झाली. मी बरोबर म्हटलं, तिनेही बरोबर केलं. विन्या तन्वीकडे बघून अंगठा दाखवत हसला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही.

पहिल्या टेकला मी दुसरं, ते दाराचं कडवं जरा उशिरा उचललं. फार नाही, अर्धा श्वास. तन्वीनेही तसंच उचललं. बाहेर अंगणात येऊन विन्याने व्हिडिओखाली गाणं लावलं, तर ओठ आणि आवाज एकमेकांशी भांडत होते. तन्वीचा चेहरा उतरला. दुसऱ्या टेकला मी पुन्हा तेच केलं.

विन्या वैतागला. खिडकीतून येणारं ऊन सरकत चाललेलं. तो मला बाहेर बाजूला घेऊन म्हणाला, "तिला काय जमायला नाही. तायडे, साडी बदल, तूच उभी राहा." हेच ऐकायला मी वर्षभर जीव टाकत होते, आणि मी लगेच हो म्हणाले.

साडीची पिन शोधत मागच्या दाराबाहेर आले, तर नरसम्मा अक्का पाण्याच्या माठाजवळ उभ्या होत्या. त्या तिथे मागाच्या कांड्यांवर सूत भरतात, तरुणपणापासून. मला म्हणाल्या, "गाणं चांगलं हाय पोरी. पन ते दाराचं कडवं पुढच्या दोन वेळेला मागं का ठेवायलीस? पहिल्यांदा बरोबर म्हटलीस की."

मी म्हटलं, अक्का, तुम्हाला कसं ऐकू आलं? त्या हसल्या. "हितं कुनाला काय ऐकू येतंय? तोंडावरून कळतंय."

तेव्हा लक्षात आलं. त्या खडखडाटात ही माणसं कानांवर विसंबतच नाहीत, समोरच्याच्या ओठांवरून बोलणं वाचतात. मला वाटत होतं इथे कुणाला काही पत्ता लागणार नाही... आणि अक्कांनी कांड्या भरता भरता माझं अख्खं गाणं आणि माझी अख्खी चोरी वाचली होती.

'दार उघडं ठेवते मी, येशील म्हणून नाही रे, उजेड थोडा गल्लीत जावा...' ही माझी ओळ त्यांनी हळू आवाजात म्हणून दाखवली. म्हणाल्या, "हे खरं हाय. माझं बी दार तसंच असतंय." माझ्या गाण्याला मिळालेली ती पहिली दाद. त्यात चेहऱ्याचा कुठे संबंधच नव्हता.

मी विन्याला म्हटलं, अजून एक टेक घे, तन्वीचाच. यावेळी मी नीट म्हटलं आणि एका फटक्यात ओके झालं. खरं सांगू, जळफळाट तेव्हाही होताच. व्हिडिओखाली 'हिरोइन एक नंबर' अशा कमेंट येतात तेव्हा आजही होतो.

हे सगळं मी गिळून टाकलं असतं. पण काल तन्वीने स्टोरी टाकली... 'मला लिपसिंक अजिबात जमत नव्हतं, माझे दोन टेक वाया गेले, तरी ताई एका शब्दाने चिडल्या नाहीत. थँक्यू ताई.' खाली तिने लिहिलंय, की पुन्हा असं काम घेणार नाही.

तन्वी, ते दोन टेक मी वाया घालवले, मुद्दाम. तू माझ्या ओठांवर विश्वास ठेवून अगदी मी म्हणत होते तसंच म्हणत होतीस.