रेषेवरची आत्या

खेळाच्या बाबतीत माझ्या आत्याइतकी ठाम मतं असलेला माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर सापडायचा नाही. नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्यात तिने तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. आलेला माल डोळ्यांत तेल घालून तपासायचा आणि खोट दिसली की परत पाठवायचा, हे तिचं काम. निवृत्त झाल्यावर तपासायला माल उरला नाही, म्हणून तिने साऱ्या देशातले खेळाडू तपासायला घेतले. त्यातले बहुतेक ती परत पाठवते.

वीस षटकांच्या लीगवर तिचा पहिला आक्षेप लिलावाचा. "अरे, माणसांचा कसला लिलाव? आणि करायचाच तर नीट तरी करा. लासलगावला कांदासुद्धा हातात घेऊन, दाबून बघतात. इथे नुसता फोटो दाखवला की लागली बोली!" दुसरा आक्षेप कपड्यांचा. गेल्या वर्षी निळ्यात खेळणारा यंदा पिवळ्यात दिसला की ती खरोखर दुखावते. "मी जीव लावायचा कुणाला, माणसाला की शर्टाला?" असं म्हणते आणि सामना मात्र शेवटच्या चेंडूपर्यंत बघते. समालोचन तिला सोसत नाही, म्हणून टीव्हीचा आवाज बंद असतो आणि समालोचन ती स्वतः करते. जाहिराती लागल्या की स्वयंपाक. दोन षटकांच्या मधे एक पोळी, खेळाडू पाणी प्यायला थांबले की आमटीची फोडणी. एखादा सामना फार रंगला तर आमच्या आतोबांना भात-मेतकुटावर भागवावं लागतं. आतोबा हा माणूस देवाने तिच्यासाठी वेगळा घडवलाय. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी ते सोफ्यावर बसताना विचारतात, "यातले आपले कोण?" आणि तीही दरवेळी सांगते.

पण तिचा खरा जीव कबड्डीत. टीव्हीवरच्या कबड्डीला ती 'गादीवरची कबड्डी' म्हणते. "पडल्यावर अंगाला माती लागली नाही तर पडलो हे कळणार कसं?" असा तिचा रोकडा सवाल. म्हणून हिवाळ्यात कॉलेजांचे सामने सुरू झाले की दर शनिवारी इंदिरानगरहून तिला माझ्या स्कूटरवर घेऊन मैदानं पालथी घालणं हे माझं काम. कॉलेजच्या सामन्यांना प्रेक्षक म्हणजे राखीव खेळाडू, त्यांच्या चपला सांभाळणाऱ्या मैत्रिणी आणि माझी आत्या. हातात छत्री, डब्यात गूळ-शेंगदाणे. "अगं सहा नंबर, पकड करतेस की गळाभेट घेतेस?" हे ती इतक्या मोठ्याने विचारते की शेजारच्या मैदानावरचा गोलंदाजही रनअपमध्ये थांबतो. एका क्रीडाशिक्षकांनी तर आमची स्कूटर फाटकातून आत येताना पाहून सामना उन्हातल्या मैदानावर हलवला होता. आत्याने छत्री उघडली.

चार वर्षांपूर्वी अशाच एका शनिवारी तिने यमुनाला पाहिलं. यमुना सुरगाण्याची, इथे हॉस्टेलला राहून बी.ए. करणारी. काटकुळी, अबोल, पण चढाईला निघाली की समोरच्या सात जणींची नजर तिच्या पायांवरून हटायची नाही. आत्याने पहिल्याच सामन्यानंतर निकाल दिला, "टीव्हीवरच्या भल्याभल्यांनी हिच्याकडे शिकवणी लावावी." त्यानंतर आम्ही फक्त यमुनाच्या कॉलेजचे सामने पाहू लागलो. गूळ-शेंगदाण्यांचा डबाही तिच्याच संघाकडे जाऊ लागला.

अंतिम सामन्याच्या दिवशी रेषेवरच्या दोन पंचांपैकी एक जण आलाच नाही. पेठ रस्त्याला त्याची मोटारसायकल बंद पडली होती. विद्यापीठाचा संघ निवडणारी मंडळी खुर्च्यांवर येऊन बसलेली, पोरी ताटकळलेल्या. शेवटी कावलेले क्रीडाशिक्षक आत्यापुढे येऊन उभे राहिले. "मॅडम, बाहेरून एवढं ओरडता, त्यापेक्षा आज रेषेवरच उभ्या राहा ना." त्यांना वाटलं, ही गप्प बसेल. आत्याने पर्स उघडली. कॉलेजात असताना ती पंचांची परीक्षा पास झाली होती, आणि ते प्रमाणपत्र ती आधार कार्डाशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत बाळगते. दोन्ही कर्णधारांनीही मान डोलावली. वर्षभरात आत्याने दोघींनाही सारखंच झापलं होतं, त्यामुळे तिच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणाला शंका नव्हती. मला होती.

पदर खोचून आत्या रेषेवर उभी राहिली आणि तासभर चक्क काही बोलली नाही. सामना बरोबरीत आला. शेवटची चढाई यमुनाची. ती आत गेली, डावीकडे झुकली, कोपऱ्यातल्या मुलीला शिवली आणि मासोळीसारखी सुळकन परत आली. तिच्या मैत्रिणी नाचत मैदानात घुसल्या. मुख्य पंचांनी शिट्टी तोंडाशी नेली आणि रिवाज म्हणून रेषेकडे पाहिलं.

आत्याचा हात वर होता.

"शिवायच्या आधी पाय बाहेर पडला," ती म्हणाली. एरवी तीन मैदानं ओलांडणारा तिचा आवाज मला जेमतेम ऐकू आला. यमुना बाद झाली आणि तिचं कॉलेज एका गुणाने हरलं. "ओ आजी, चष्मा बदला!" पोरं ओरडली. कुणीतरी "फितूर!" म्हणालं. यमुना मात्र खाली बघत मोजे काढत बसली होती. विद्यापीठाच्या यादीत तिचं नाव आलं नाही.

त्यानंतर आठवडाभर आत्याने टीव्ही लावला नाही. तिच्या गादीवरच्या कबड्डीचा अंतिम सामना होता, तोही नाही. दोन्ही वेळ साग्रसंगीत स्वयंपाक होऊ लागला, तसे आतोबा घाबरले. त्यांनी मला फोन केला, "अरे, आज अळूवड्या केल्यात तिने. लक्षण ठीक नाही."

रविवारी मी तिच्याकडे गेलो, तर दारात यमुना उभी. हातात नागलीच्या पापडांची पिशवी. आत्याने तिला बसवलं, पाणी दिलं.

यमुनाच म्हणाली, "आजी, पाय बाहेर गेलाच व्हता. मला तवाच कळलं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"जिंकायचं व्हतं. तुम्ही हात वर केला नसता तर मी कधीच बोलले नसते. कायम खुपत राहिलं असतं."

आत्या बराच वेळ पापडांच्या पिशवीची गाठ सोडत बसली. मग म्हणाली, "हात वर करायच्या आधी मीसुद्धा जरा थांबले होते, बाई."

त्या दुपारपासून आमच्या आत्याच्या सोसायटीचं पार्किंग हे कबड्डीचं मैदान झालं. खडूने रेषा मारल्या. पकड करायला मी आणि आतोबा. आतोबांचं वय बघता यमुना त्यांना फार हळू शिवायची आणि ते अभिमानाने बाद व्हायचे. पुढच्या हिवाळ्यात यमुना विद्यापीठाच्या संघात गेली. आता ती सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेत मुलींना खेळ शिकवते.

मागच्या महिन्यात आम्ही तिच्या मुलींचा सामना बघायला गेलो. आत्याचे गुडघे आता एवढ्या लांब स्कूटरवर बसू देत नाहीत, म्हणून जीपने. डोंगराच्या कुशीत तांबड्या मातीचं मैदान, मुली अनवाणी. आत्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती आणि पूर्ण सामनाभर तिने एकाही मुलीला काही सुनावलं नाही. मला चैन पडेना. "काय गं, एकही चूक दिसली नाही?"

"पुष्कळ दिसल्या," ती म्हणाली. "यमुना बघतेय ना."

ऊन डोंगराआड गेलं. नाशिकची शेवटची जीप सुटायला आली होती, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. मी तिचा हात धरून उठवू लागलो, तर ती म्हणाली, "एवढी एक चढाई बघू आणि निघू."

आम्ही आणखी तीन बघितल्या. जीपवाला थांबला.