आडोसा

रस्त्यानं चालताना तुमच्यासाठी कुणी कधी वाऱ्याची बाजू घेतली आहे का? उत्तर देण्याआधी नीट आठवा. उन्हात छत्री धरणारे भेटतात, गर्दीत हात धरणारेही भेटतात. वाऱ्याचं मात्र कुणी मनावर घेत नाही.

माझा चुलतभाऊ घ्यायचा. वरवट बकालच्या स्टँडवर एसटीची वाट बघत आम्ही उभे असलो की तो बोलता बोलता जागा बदलायचा. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग एकदम समोर. नवख्या माणसाला वाटायचं, याला मुंग्या चावताहेत. पण वारा फिरला की दादा फिरायचा, आणि सोबतच्या माणसाच्या आणि वाऱ्याच्या मध्ये जाऊन उभा राहायचा. एकदा त्याची आई, म्हणजे माझी मोठी माय, वैतागून म्हणाली, "एका जागी उभा राह्य ना बापा! मले चक्कर येऊन राह्यली." तो म्हणाला, "काय करू माय, धंदाच तो हाय माहा."

धंदा खरंच तोच होता. दादा व्यावसायिक सायकलपटू होता. आठवडाभर चालणाऱ्या मोठ्या शर्यतींत पळायचा. या शर्यतीत रोज एक टप्पा असतो, आज या शहरातून त्या शहरात, उद्या तिथून पुढे. सगळ्या टप्प्यांचा वेळ मिळून ज्याचा सर्वांत कमी, तो जिंकतो. बघणाऱ्याला वाटतं, प्रत्येक जण स्वतःसाठी पळतो आहे. प्रत्यक्षात संघात एक कप्तान असतो आणि बाकीचे त्याच्यासाठी राबतात. त्याच्या पुढे राहून वारा छातीवर घ्यायचा, म्हणजे मागे त्याची ताकद वाचते. मागच्या गाडीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या सदऱ्यात कोंबायच्या आणि पुन्हा पुढे गाठून त्याला द्यायच्या. त्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. गावात कुणी विचारलं, तू त्या शर्यतीत करतोस काय, तर दादा एका शब्दात सांगायचा, "आडोसा." तेच नाव पडलं. तो शिवारातल्या रस्त्यावर सरावाला निघाला की पोरं ओरडायची, "आडोसा चालला बे!" आणि तो त्यांना सलाम ठोकायचा.

पानठेल्यावरचा एक संवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की झोपेतही म्हणून दाखवीन.

"का बे आडोसा, कितवा आला?"

"कप्तान तिसरा आला."

"कप्तानाचं कोण इचारून राह्यलं? तुहं सांग."

"मी पोचलो."

ठेल्यावर हशा पिकायचा. पोचायला काय, एसटीनंही पोचता येतं! पण दादाच्या लेखी पोचणं हीच मोठी गोष्ट होती, आणि मोठ्या शर्यतीत ती त्याला साधली नव्हती. लहानसहान शर्यती तो पुऱ्या करायचा. आठवडाभराच्या पहिल्या शर्यतीत एका उतारावर पडून त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. पुढच्या वर्षी तापानं फणफणून मध्येच गाडीत बसावं लागलं. तिसऱ्या वर्षी संघाच्या व्यवस्थापकानं साफ सांगितलं: या वेळी शेवटच्या दिवसापर्यंत टिकलास तर पुढच्या वर्षी तू आमचा, परदेशातल्या शर्यतीलाही नेऊ, नाहीतर दुसरी वाट बघ. दादा नाराज झाला नाही. मला म्हणाला, "बरोबरच हाय वं. आडोसाच अर्ध्या रस्त्यात पडला तं कप्तानानं करा काय?"

मला ते बरोबर वाटलं नव्हतं. माझं बालपण पत्रकांत गेलं. वडील चळवळीची पत्रकं छापून आणायचे आणि मी त्यांच्या घड्या घालायचे. अक्षरओळख पाठ्यपुस्तकाच्या आधी तिथूनच झाली. त्यामुळे दादा ओसरीत बसून सायकलची चेन पुसत असला की मी भाषणाला उभी राहायचे.

"दादा, घाम तुझा आणि हार त्याच्या गळ्यात. याला शोषण म्हणतात."

"हाव का? तू पत्रकं वाटते, त्याच्यावर तुहं नाव राह्यते?"

"नाही. खाली 'समस्त कार्यकर्ते' असं असतं."

"मंग?"

"ते आम्ही आपल्या मर्जीनं करतो."

"मले काय बांधून नेते का कोणी?"

हे भांडण आमच्यात कधीच मिटलं नाही. माझं मत अजून तेच आहे. बक्षीस घेताना जो कप्तान मागे वळून बघत नाही, त्याला मी आजही माफ करणार नाही. पण दादाला आपल्या कामाची लाज नव्हती आणि कुणी त्याची कीव करावी हेही त्याला खपत नसे, एवढं मात्र मला मान्य करावं लागलं.

चालत्या सायकलवर बाटली घ्यायची आणि द्यायची कशी, याचा सराव तो मोठ्या मायला घेऊन करायचा. आमच्या वस्तीसमोरच्या रस्त्यावर मोठी माय पदर खोचून उभी, हातात बाटली, आणि दादा तिकडून सुसाट येणार. पहिल्या दिवशी तिनं बाटली इतकी घट्ट धरली की तीच दोन पावलं ओढली गेली. "माय, हात कडक नोको करू. माह्या संगं तुहा हात बी थोडा पुढं पळू दे, मंग सोड." मोठी माय शिकली. मग वस्तीतल्या बाया कुंपणाशी गोळा व्हायच्या आणि विचारायच्या, "काय वं, तू बी जातं काय शर्यतीले?" ती म्हणायची, "जाईन बी! तुह्यासारखी घरात बसून राहीन काय?"

त्या तिसऱ्या वर्षीच्या शर्यतीचा एक टप्पा आमच्या गावावरून जाणार होता. अकोटहून सुटून सोनाळा, वरवट बकाल, नांदुरा, आणि शेवटी राजूर घाट चढून बुलढाणा. दुसऱ्या दिवशी अखेरचा टप्पा आणि शर्यत संपली. आदल्या आठवड्यात दादाचा फोन आला. त्यानं सायकलवाल्यांची एक रीत सांगितली. ज्याच्या गावावरून शर्यत जाते, त्याला सगळा घोळका थोडा वेळ पुढे जाऊ देतो. कुणी त्याचा पाठलाग करत नाही. त्यानं घरच्यांना भेटावं, घोटभर पाणी प्यावं आणि घोळका आला की पुन्हा त्यात मिसळावं. मिसळायचं मात्र चुकवायचं नाही. घोळका एकदा पुढे गेला की एकट्यानं वारा कापत त्याला गाठणं जवळपास अशक्य, आणि पहिल्याच्या मागे ठराविक वेळेत पोचलं नाही तर शर्यतीतून बाद. "माय, तू घरासमोर उभी राह्यजो," तो म्हणाला. "पाया पडतो, बाटली घेतो, चाललो. बाकी कायबी नोको."

ही रीत घरात आम्हाला कळली. गावात पोचली ती एवढीच बातमी: आपला आडोसा सगळ्यांच्या पुढं येऊन राह्यला.

आता माझं ऐका आणि मग गावाला दोष द्या. चौकात मंडप पडला. तालुक्याचे एक पुढारी आले. आणि पुढाऱ्यांच्या शेजारच्या खुर्चीवर दादाच्या वडिलांना, आमच्या मोठेबाबांना, मानानं नेऊन बसवलं. आमची वस्ती गावाच्या पश्चिम टोकाला, विहाराच्या मागे. त्या चौकात आमच्या माणसांनी सतरंज्या अंथरल्या आहेत, मंडपाचे बांबू पुरले आहेत. खुर्ची मोठेबाबांना मिळाली ती पहिलीच. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते सकाळपासून ताठ बसले होते.

मोठी माय आणि मी घरासमोर रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. चौक तिथून दिसत नाही, लाउडस्पीकर ऐकू येतो. एकदम गलका झाला. "आला! पयला आला! आपला पोट्टा पयला आला!" ढोल सुरू झाला. मग पुढाऱ्यांचा आवाज: "या मातीचा सुपुत्र प्रथम क्रमांकानं आपल्या गावात…" मोठी माय म्हणाली, "हे काय सांगून राह्यले? त्याले थांबवलं काय?"

थांबवलं होतं. हे पुढचं मला चौकातल्यांकडून आणि नंतर दादाकडून कळलं. लोकांनी सायकलचं हँडल धरलं, त्याला उचलून मंडपात नेलं, हेल्मेट काढून फेटा बांधायला घेतला. मागे शर्यतीच्या मोटारसायकलवरचा माणूस जिवाच्या आकांतानं भोंगा वाजवत होता. लोकांना वाटलं, तोही आनंदानंच वाजवतो आहे. दादा म्हणत होता, "सोडा, मले जाऊ द्या, मागून येऊन राह्यले ते!" लोक म्हणत होते, "येऊ दे ना बे, तू तं पयला हायेस!" आणि मागून खरंच घोळका आला. मंडपाला वळसा घालून रंगीबेरंगी सदऱ्यांचा तो लोंढा निघून जात असताना आमच्या गावानं त्यांना टाळ्या वाजवून हसत हसत सांगितलं, "अबे, आमचा तं कवाचाच आला!"

तो लोंढा आमच्यासमोरून गेला. मोठी माय एकेक चेहरा बघत होती. हातातली बाटली तिनं पुढे धरलेली होती. शेवटचा गेला. मागच्या गाड्याही गेल्या. लाउडस्पीकरवर शाल आणि श्रीफळ चाललं होतं.

बऱ्याच वेळानं दादा एकटा आला. गालावर गुलाल, मानेत हाराचा दोरा अडकलेला. थांबला नाही. मोठी माय धावली, हात पुढे पळवला, बरोबर वेळेला बाटली सोडली. "जाय बापा, जाय!" एवढंच ती ओरडली. पाया पडायचं राहिलंच.

पश्चिमेचा वारा समोरून होता. नांदुऱ्यापर्यंत तो एकटा, घाटात एकटा. बुलढाण्याला पोचला तेव्हा शेवटच्या रेषेवरची कमान उतरवायला घेतली होती. पोचला, पण वेळ उलटून गेली होती. एका अधिकाऱ्यानं त्याला हात वर करायला सांगून पाठीवरचा क्रमांक काढून घेतला. "लय हळू काढल्या त्यानं पिना," दादा मला म्हणाला. "सदरा फाटू नये म्हून." दुसऱ्या दिवशीच्या टप्प्यात त्याचा कप्तान वाऱ्यात उघडा पडला आणि पहिल्याचा दुसरा झाला. संघानं दादाला पुन्हा घेतलं नाही. सायकल संघाची होती, ती त्यांनी ठेवून घेतली.

मी त्याला एकच प्रश्न विचारला. तू अंगानं एवढा दणकट, झटका देऊन निघाला का नाहीस? तो म्हणाला, "निघतच होतो वं. तं बाबाकडं नजर गेली. खुर्चीत बसले होते. मी पळालो असतो, तं लोकायनं त्याईले उठवलं असतं."

यावर कुठलं पत्रक लिहायचं, मला सुचलं नाही. दादानंही लिहू दिलं नाही. "बाबा हायेत तवरी एक अक्षर लिवू नोको. त्याईले वाटते मी पयला आलो. वाटू दे." मग तो चाकणला गेला. एका कारखान्यात माल चढवतो. सायकल घेतली का, असं विचारलं तर विषय बदलतो.

गावानं मात्र त्या दिवसाचा पत्र्याचा फलक करून चौकात लावला. फेटा बांधलेला दादा, शेजारी पुढारी, त्यांच्या बाजूला खुर्चीवर मोठेबाबा, आणि खाली ठळक अक्षरांत 'प्रथम क्रमांक'. पुढाऱ्यांच्या नावावर दर वर्षी नवा रंग चढतो. मोठेबाबा ओल्या फडक्यानं तो फलक पुसायचे, पाहुण्यांना मुद्दाम चौकातून आणून वाचायला लावायचे. आणि दादा गावी आला की एक थांबा आधीच उतरून शेतांच्या बांधांवरून घरी यायचा. या उन्हाळ्यात मोठेबाबा गेले. बापाला खांदा द्यायलाही तो बांधावरूनच आला. जाताना मोठी माय म्हणाली, "आता तरी रस्त्यानं जाय ना बाबू." तो मान हलवून शेतात उतरला.

म्हणून आज लिहिते आहे. वरवट बकालच्या बंधू-भगिनींनो, तुम्ही वाईट नाही. ज्या बापाला तुम्ही कधी बसायला सांगितलं नव्हतं, त्याला एकदाच बसवलंत, आणि तेही त्याच्या पोराला धावायचं असताना. तो फलक मी एकटीनं उतरवला तर भांडण होईल, आणि दादाला त्याचाही त्रास होईल. तुम्हीच उतरवायला हवा. येत्या रविवारी सकाळी चौकात या. पत्रा फोडू नका; मोठेबाबा खुर्चीवर बसले आहेत तेवढा भाग नीट कापून द्या, मोठी माय मागते आहे. शिडी मी धरते.