घोटीहून आलेली हाक

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. सातपूरच्या कारखान्यात वीस वर्षं क्वालिटीत आहे... जे मोजता येत नाही, ते मी पास करत नाही.

मागच्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, लिव्हरपर्यंत पोचलेला. दर पंधरा दिवसांनी केमो. शेजारच्या खुर्चीत इथून तीसेक किलोमीटरवरच्या घोटीचे देवराम नाना – भाताची गिरणी, आजार माझाच, तारखाही त्याच. सलाइन संपलं की औषधाची छोटी बाटली कमरेला बांधून घरी पाठवतात. छातीत कातडीखाली बसवलेल्या पोर्टला जोडलेल्या नळीतून ते औषध दोन दिवस हळूहळू जात राहतं.

सातव्या केमोचा दुसरा दिवस. दुपारचे तीन. मी गाढ झोपलेलो. कानाशी कोणीतरी ओरडलं, "सायेब, नळी बगा!"

दचकून उठलो. खोलीत कोणी नाही. नळी पाहिली तर जोडापाशी थेंब लोंबतोय, शर्टाला ओल.

तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून आली. "कोण आलंय? नानांचा आवाज वाटला."

म्हणजे तिनेही ऐकलं होतं!

नळीची क्लिप बंद केली, वॉर्डात फोन करून तासाभरात पोचलो. सिस्टरने जोड बदलला. म्हणाली, "वेळेत पाहिलंत काका, नाहीतर निम्मं औषध अंथरुणातच गेलं असतं."

संध्याकाळी नानांना फोन लावला. मी काही बोलायच्या आतच त्यांनी विचारलं, "थांबली का गळायची?"

"नाना, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोन सांगनार? दुपारी डोळा लागला व्हता. तुमची नळी गळताना दिसली, म्हनून वरडलो. सून धावत आली, म्हनली काय झालं? लय लाजलो बगा..."

गाठी आता लहान झाल्यात – माझ्याही, नानांच्याही. ते औषधाचं काम, त्यात चमत्कार नाही. पण त्या हाकेचं काय? डॉक्टर आधी हसले. बायकोनेही ऐकलं म्हटल्यावर पुढच्या केमोची तारीख लिहायला लागले. परवा नानांनाच छेडलं, तर म्हणतात, "मला काय ठावं? औषीद वाचलं ना, बास."

माझं तेवढ्यावर भागत नाही. वर्ष होत आलं, खुलासा सापडलेला नाही आणि तो मिळेपर्यंत मी काही मान्यही करणार नाही... मात्र बाटली लावून घरी आलो की आता अगदी निर्धास्त झोपतो.