मायचा नंबर

कुणी गोड आवाजात "थांबा, तुमचा नंबर लागेल" असं म्हटलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बँकेत, रेशनच्या दुकानात, कुठेही. लोकांना वाटतं, बाई चिडखोर आहे. आहेच मी चिडखोर. पण हे चिडणं कुठून आलं ते एकदाचं सांगून टाकते.

जळगावात आमची पिठाची चक्की होती. वडील गेल्यावर ती मायने चालवली. मी लग्न होऊन धुळ्याला, तिथल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. सुट्टी मिळाली की एस.टी. धरून माहेरी. माय सकाळी मोटरचं बटण दाबायची आणि दिवेलागणीपर्यंत उभी. वरून ज्वारी ओतायची, खालून पडणारं पीठ दोन बोटांत चोळून बघायचं, जाड वाटलं की दगड आवळायचा. बसून होणारं ते कामच नव्हतं. आणि एक गोष्ट ती कधी होऊ द्यायची नाही, धान्य संपलं आणि चक्की रिकामी फिरतेय असं. दगड एकमेकांना खातात, म्हणायची.

चक्कीवर येणाऱ्या बायकांची भांड्यांची भिशी होती. तीही मायच सांभाळायची. तुपाच्या रिकाम्या डब्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या. महिन्याला एक चिठ्ठी निघायची, जिचं नाव निघालं तिला स्टीलचा हंडा नाहीतर डब्यांचा संच. ती चिठ्ठी बाद, बाकीच्या डब्यातच. आज नाही तर पुढच्या खेपेला, पण मिळायचं सगळ्यांना. कुणी मध्येच घुसायला लागली तर माय तिला चक्कीच्या दारातूनच वाटेला लावायची. तिच्या हातून कुणाचा नंबर बुडाला नाही. हे लक्षात ठेवा.

उभं राहून राहून मायचा डावा पाय गेला. शिरा फुगल्या, घोट्याच्या वर कातडी काळी पडली आणि एक दिवस फुटली. रुपयाएवढी जखम होती, ती तळहाताएवढी झाली. हळद लावून झाली, गावठी लेप झाले, डॉक्टर झाले. पाणी गळायचं, वास यायचा. माय लुगडं घोट्याखाली ओढून घ्यायची आणि गिऱ्हाईक आलं की पाय पिठाच्या डब्यामागे न्यायची. तो पाय बरा झाला नाही तर चक्की बंद, एवढं आम्हा दोघींना स्वच्छ कळत होतं.

तशात कळलं की एका खाजगी इस्पितळात अशा जखमांवर अभ्यास चाललाय. बाहेरून आलेली एक घट्ट लवचीक पट्टी पायाला बांधतात, तिच्या दाबाने रक्त वर चढतं आणि जखम भरते म्हणे. माय गेली. सोबत किराणा दुकानवाली भाभी. मारवाडी बाई, गल्ल्यामागे उभी राहून राहून तिचाही पाय तसाच झालेला. भाभी आमच्या भिशीतलीच.

डॉक्टर तरुण होता. इंग्रजी कागदावर सह्या घेतल्या आणि बंद पाकिटांचा खोका पुढे केला. "मावशी, उचला एक चिठ्ठी."

भाभीच्या पाकिटात ती पट्टी निघाली. मायच्या पाकिटात साधी मलमपट्टी.

आता सांगा, माझ्या मायला काय वाटणार? खोका, चिठ्ठी, या खेपेला भाभी. म्हणजे पुढच्या खेपेला दुसरी कुणीतरी, आणि कधीतरी आपण. भाभीलाही तेच वाटलं. दोघी चिठ्ठ्यांचं बोलत हसत घरी आल्या. गल्लीत कुणालाही विचारलं असतं तर तेच सांगितलं असतं.

ती दर आठवड्याला जायची. रांगेत बसायची, साधी पट्टी बदलून घ्यायची आणि विचारायची, "डॉक्टरसाहेब, माझा नंबर कधी?" आणि तो मान वर न करता म्हणायचा, "लागेल हो मावशी, येत राहा."

लागेल हो मावशी. मेल्याची जीभ कशी झडली नाही.

दिवाळीला मी गेले तर भाभीची जखम अर्ध्यावर आलेली आणि मायची पसरलेली. मी म्हटलं, दुकानातून पट्टी आणते, मी बांधते. मायने मलाच झापलं. "तू गप ऱ्हाय. मन्हा नंबर शे ना आजून. भिशीमा बठ्ठास्ना नंबर लागस." सगळ्यांचा लागतो, तसा आपलाही लागेल, हा तिचा हिशेब. मध्येच दुसरीकडून घेतलं तर नाव कटेल, ही तिला भीती. लोकांची भिशी चोख सांभाळणारी बाई स्वतः लबाडी कशी करणार?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुन्हा माहेरी आले. गल्लीतल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणत होत्या आणि माय चक्कीवर एका पायावर भार देऊन उभी. तेवढ्यात भाभी आली. तिचा पाय कोरडा, जखमेच्या जागी गुळगुळीत गुलाबी कातडी. हातात तीच पट्टी, धुऊन, वाळवून, साडीसारखी घडी घातलेली.

"अक्का, मेरा तो हो गया. आता तुमचा नंबर."

पट्टी ताणून ताणून पार सैल झाली होती. मायने ती परत भाभीच्या हातात दिली. "ऱ्हाऊ दे, भाभी. डॉक्टर देई ना माले नवी." तिच्या तोंडावर जराही शंका नव्हती. मी चप्पल घातली आणि तडक इस्पितळ गाठलं.

डॉक्टर खोकी बांधत होता. पुण्याला परत निघाला होता. मी मायचं नाव सांगितलं आणि विचारलं, तिला पट्टी कधी बांधणार.

"त्या दुसऱ्या गटात होत्या. साध्या मलमपट्टीच्या. आणि अभ्यास आता संपला."

"मग तिचा नंबर?"

तो हसला. "अहो बाई, असा नंबर नसतो. दोन गट केल्याशिवाय पट्टीचा गुण कळणार कसा? तुम्ही तर विज्ञान शिकवता ना? मावशी सांगायच्या."

"शिकवते," मी म्हटलं. "दोन कुंड्या ठेवते. एकीला खत घालते, एकीला नाही. पण दुसऱ्या कुंडीला मी येत राहा, नंबर लागेल, असं सांगत नाही."

तो जरा गडबडला. मग अगदी सरळ म्हणाला, "तसं सांगितलं नसतं तर त्या येत राहिल्या असत्या का?"

मला वाटलं याच्या कानाखाली जाळ काढावा. मुद्दाम केलं होतं त्याने. चुकून नाही, घाईत नाही. माय आली नसती तर त्याचा अभ्यास लंगडा पडला असता, म्हणून माझी माय लंगडत राहिली.

"पट्टीने गुण येतो हे आता कळलं ना? मग आता बांधा तिला."

"त्या पट्ट्या संपल्या. बाजारात साधी लवचीक पट्टी मिळते, ती बांधा. तिनेही उपयोग होतो."

"हे तिला का नाही सांगितलं?"

"मग त्या अभ्यासातून बाहेर गेल्या असत्या."

दोन गट करण्यावर माझा राग नाही. नाहीच. कुठली पट्टी चांगली हे कुणालाच ठाऊक नसतं तेव्हा ताडून बघावंच लागतं, एवढं मला कळतं. पण माझ्या मायला बोलता येत होतं, ऐकता येत होतं. मावशी, तुम्हाला ती पट्टी मिळणार नाही, चालेल का, एवढं एक वाक्य बोलायला त्याचं काय जात होतं? मी तोंडाला येईल ते बोलले. त्याने खोक्याला सुतळीची गाठ मारली.

परत येताना औषधाच्या दुकानातून पट्टी घेतली. पुढे ती मी बांधली, धुळ्याहून येऊन येऊन बांधली. फार उशीर झाला होता. जखम शेवटपर्यंत भरली नाही आणि चक्की वर्षभरात विकावी लागली.

पण त्या दुपारी मी चक्कीवर पोचले तेव्हा माय कुणाचं तरी दळण घालत होती. मी तिला सगळं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा ती म्हणाली, तुझ्या ऐकण्यात काहीतरी गडबड झाली.

मग तिने विचारलं, "मंग मन्ही चिठ्ठी डबामा व्हतीच नही?"

मी नाही म्हटलं.

माय धान्याच्या पोत्यावर बसली. कामाच्या वेळेत तिला बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. तिने डावा पाय दोन्ही हातांनी उचलून समोरच्या डब्यावर ठेवला, भर दारात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा, आणि लुगडंही ओढून घेतलं नाही. वरचं धान्य संपलं. दगड रिकामे फिरायला लागले, खरखर आवाज यायला लागला. माय ऐकत बसून राहिली. शेवटी मीच पुढे झाले आणि बटण बंद केलं.